पेरू खाताना थांबलेली मुलगी

अख्ख्या लालबागेत माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशयी माणूस झाला नाही. शिवडीच्या गोदामात कारकुनी करून काकांची नजर अशी तयार झाली होती, की दूधवाला हसून बोलला तर आज पाणी जास्त असणार, हे ते धरूनच चालत. त्यातून ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीच्या चौकात सभा, भिंतींवर घोषणा, आणि काकांना प्रत्येक अनोळखी माणूस साध्या वेशातला पोलीस वाटायचा. एकदा कल्हईवाल्याची त्यांनी इतकी उलटतपासणी घेतली, की तो भाता उचलून चालू लागला. “बघ, पळाला की नाही?” काका मला विजयाने म्हणाले. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होतो.

अशा माणसाच्या मुलीला शाळेतून काढायची वेळ आली. शकू दुसरीत. बाई विचारत एक, ही बघत राही भिंतीकडे. घरीही हाक मारली तर ओ देईलच असं नाही. “लक्ष नाही आणि हट्टीही आहे. डॉक्टरांना दाखवा, नाहीतर घरी ठेवा,” बाईंनी सांगून टाकलं. परळला लहान मुलांचे एक डॉक्टर होते. त्यांनी शकूला तपासलं आणि म्हणाले, “माझ्यासमोर मूल शहाण्यासारखंच बसतं. घरी कसं वागतं ते आईबापांनी बघायचं. थोडे दिवस रागावू नका, नुसतं बघा, आणि मला येऊन सांगा.”

काका तणतणतच घरी आले. “आमच्या घरात काय चालतं ते ह्याला कशाला हवं? सरकारचा माणूस असणार!”

“अहो, साऱ्या जगावर नजर ठेवता,” मावशी म्हणाली, “पोरीवर ठेवा की थोडी.”

मग काकांनी दाढीचा आरसा शकूच्या दिशेने वळवला. ते दाराआडून बघत, गॅलरीतून बघत. एका संध्याकाळी शकू पेरू खात होती. मध्येच तिचा हात थांबला, पापण्या फडफडल्या, नजर कुठेच नाही. क्षणात ती पुन्हा खायला लागली, जणू काही झालंच नव्हतं. काका ताडकन उठले. “अभ्यासाचा कंटाळा समजू शकतो. पण पेरूचा कंटाळा कुठल्या पोराला येतो?”

डॉक्टरांपुढे त्यांनी पापण्या फडफडवून सगळं करून दाखवलं. मला हसू आवरेना, डॉक्टर मात्र हसले नाहीत. “हा हट्ट नाही. फेफऱ्याचा सौम्य प्रकार आहे. तेवढा वेळ तिला काही ऐकूच येत नाही. बरं झालं, तुम्ही पाहिलंत.”

परतताना भारतमाता सिनेमापाशी काका एकदम म्हणाले, “ओ देत नाही म्हणून मी मारलंय रे तिला.”

औषधाची पहिली गोळी त्यांनी स्वतःच घेतली. “काय देतोय कुणास ठाऊक!” दुपारपर्यंत घोरत पडले, गोदामाला दांडी. दुसऱ्या दिवसापासून मात्र शकूला गोळी स्वतः देऊ लागले, आणि ती गिळली का, हे तोंड उघडायला लावून बघू लागले. हळूहळू तिचं थांबणं कमी झालं. शाळा सुटली नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. शकू दादरला शिक्षिका आहे. परवा त्यांचा विषय निघाला, तेव्हा म्हणाली, “बाबा तापट होते म्हणतात सगळे. पण मला त्यांनी कधी बोट लावल्याचं आठवत नाही.”

मी म्हणालो, “हो ना,” आणि चहा प्यायला लागलो.