मागच्या सीटवरची नंदा

भानुदास खोब्रागडेच्या मिशा थेट नागपूरहून आलेल्या होत्या. एकाहत्तर साली तो अमेरिकेत शिकायला आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि या मिशा होत्या. ट्रंक बेसमेंटच्या ओलीने गंजली, मिशा मात्र चांगल्या बहरल्या. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पाणीपुरवठा खात्याच्या लॅबमध्ये तो केमिस्ट होता. ज्या खेड्यात तो लहानाचा मोठा झाला, तिथे त्याच्या बापाला विहिरीच्या काठाला हात लावायची सोय नव्हती. इथे गावाच्या पाण्याच्या तपासणीवर रोज भानुदासची सही असे. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. सही मात्र जरा ठसठशीत करायचा.

लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि शेवटी त्याने आणि अंजनाने नागपूरच्या एका बालसदनातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. कागदपत्रांत दोन वर्षं गेली. फायलीत मुलीचं नाव होतं नंदा, वय अडीच वर्षं, आणि आईवडील, जात, गाव या तिन्ही रकान्यांत एकच शब्द होता, अज्ञात. भानुदासने नागपूरला आई रमाबाईंना हे पत्राने कळवलं. त्यांना लिहिता येत नसे. त्यांनी शेजारच्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं : ‘लेकरू कोणाचं हे विचारू नको. आपल्याला लोकांनी लई विचारलं.’

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात शिकागोच्या विमानतळावर बालसदनाच्या एका ताईंच्या कडेवर बसून नंदा आली. भानुदासने महिनाभर सराव केलेलं हसू तोंडावर आणलं आणि दोन्ही हात पुढे केले. नंदाने एकदा त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि असा काही टाहो फोडला की विमानतळाचा शिपाई धावत आला. अंजनाने तिला घेतलं तेव्हा कुठे ती थांबली. भानुदासने रिकाम्या हातांनी मग बॅगा उचलल्या.

“दमलीय हो पोरगी,” अंजना म्हणाली.

“दमणारच,” तो म्हणाला.

दोन महिने झाले तरी ते दमणं संपेना. अंजनाला नंदा चार दिवसांत बिलगली. तिच्या मागे मागे घरभर फिरायची, वरणभात खायची, गाणं म्हणायची. भानुदासची गाडी दारात लागली की मात्र टेबलाखाली पसार. तो समोर आला की अंग चोरायची, भिंतीला चिकटायची, आणि तो आणखी एक पाऊल पुढे आला तर टाहो ठरलेला. भानुदासने मिशा उतरवल्या. अंजनाने नवऱ्याचा वरचा ओठ लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला आणि तिला हसू आवरेना. नंदाला काडीचाही फरक पडला नाही. मिशा फुकट गेल्या.

दत्तकाचं काम बघणाऱ्या एजन्सीच्या मिसेस डॉयल दर तीन महिन्यांनी येत, सोफ्याच्या कडेवर बसून पिवळ्या पॅडवर लिहीत. त्यांचे चार रिपोर्ट झाले की वर्षाअखेर कोर्टात जायचं आणि जजने सही केली की नंदा कायमची यांची. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं ओळखलं.

“बालसदनात सगळ्या बायकाच सांभाळायच्या,” त्या म्हणाल्या. “पुरुष म्हणजे एक तर सुई टोचणारा डॉक्टर, नाही तर कुणाला तरी घेऊन जाणारा माणूस. पुरुष समोर आला की आपलं काहीतरी जाणार, एवढंच तिला माहीत आहे.”

“किती दिवस चालेल हे?”

“ते मी नाही सांगू शकत. पण मला जे दिसेल तेच लिहावं लागेल, मिस्टर खोब्रागडे. वडील आणि मूल जुळले नाहीत, तर जज निकाल पुढे ढकलू शकतात. क्वचित नाहीही म्हणू शकतात.”

कोर्टाची धास्ती होतीच. पण भानुदासला रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच. तिसरीत असताना शाळेतले गुरुजी त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, आणि ओतताना स्वतःचं अंग मागे घ्यायचे. पाण्याची चव तो केव्हाच विसरला, ते मागे जाणारं अंग विसरला नव्हता. त्यापासून तो हजारो मैल लांब आला होता, आणि आता त्याच्याच घरात, त्याच्याच लेकराचं अंग तसंच मागे जात होतं. ती एवढीशी पोर, तिला कसली जात न् कसलं काय, हे त्याला कळत होतं. कळूनही दुखत होतं. तो स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला, म्हणजे निदान तिचे दोन घास सुखाने पोटात जातील.

जानेवारीत अंजना तापाने फणफणली. तिला दवाखान्यात न्यायचं तर नंदालाही न्यायला हवं. अंजना मुलीला घेऊन मागे बसली आणि पाच मिनिटांत काचेला डोकं टेकून झोपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग होते. भानुदास श्वासही बेताने घेत गाडी हाकत होता.

“ट्रक,” मागून आवाज आला.

त्याने स्टीअरिंग घट्ट धरलं. “ट्रक,” तो समोर बघत म्हणाला.

“मोठ्ठा.”

“लई मोठ्ठा.”

“लाल.”

ट्रक हिरवा होता. पाण्याच्या रंगात तसूभर फरक पडला तरी नोंद करणाऱ्या भानुदासने हिरव्या ट्रकला बिनतक्रार लाल म्हटलं. पुढच्या सिग्नलला आनंदाच्या भरात तो मागे वळला, आणि अंजना किंकाळीने दचकून जागी झाली.

पण भानुदासला जे कळायचं ते कळलं होतं. पोरीला त्याची भीती नव्हती, त्याच्या तोंडाची होती. त्याची मान, त्याची टोपी, त्याचा आवाज हे सगळं तिला चालत होतं. अंजना बरी झाल्यावर तो रोज संध्याकाळी कामावरून आला की अंजना नंदाला मागच्या सीटवर बांधायची, आणि तासभर बापलेक नेपरव्हिलच्या रस्त्यांवर ट्रक मोजत फिरायचे. घरातल्या सहा खोल्यांत जे जमत नव्हतं ते त्या जुनाट स्टेशन वॅगनमध्ये जमत होतं. अडचण एकच होती. आरशात त्याचे डोळे दिसले की नंदा गप्प व्हायची. म्हणून त्याने आरसा सरळ छताकडे वळवून टाकला.

मार्चमध्ये पोलिसाने थांबवलं.

“सर, तुमचा आरसा छताकडे बघतोय.”

“माझ्या मुलीला माझ्या चेहऱ्याची भीती वाटते,” भानुदास म्हणाला. पाच महिन्यांत हे वाक्य तोंडाबाहेर काढायची ही पहिलीच वेळ होती.

पोलिसाने त्याला नीट निरखलं, मग मागच्या खिडकीत वाकून पाहिलं. नंदाने असा सूर लावला की तो दोन पावलं मागे सरला.

“तिला माझीही वाटते,” पोलीस म्हणाला. “आरसा सरळ करा. आत्ता, माझ्यासमोर.”

भानुदासने आरसा सरळ केला आणि घरी जाऊन ही हकिगत अंजनाला तीनदा सांगितली. एवढ्या उंचनिंच गोऱ्या माणसाला पाहूनही पोरगी तितकीच ओरडली, याचा त्याला इतका आनंद झाला होता की त्याची त्यालाच लाज वाटली.

आरसा आता हलवता येत नव्हता. पहिले काही दिवस नंदा हातमोज्यांनी डोळे झाकून बसली. मग बोटांच्या फटीतून बघू लागली. एप्रिलअखेर ती मागून “डोळे!” म्हणून हुकूम सोडायची, आणि भानुदास आरशात भुवया उडवायचा. ती खिदळायची. गाडी दारात थांबली की मात्र सगळं संपायचं. दार उघडून तो समोर उभा राहिला की पुन्हा तेच आखडलेलं अंग. मग अंजनाच येऊन तिला उतरवून न्यायची.

उन्हाळ्यात तो मागच्या अंगणात वांग्याच्या वाफ्याशी बसला असताना पाठीला काहीतरी उबदार लागलं. नंदा त्याच्या पाठीला पाठ लावून मातीत बसली होती आणि काडीने रेघोट्या ओढत होती. भानुदास हलला नाही. डास चावले, पाय बधिर झाले, तरी तो अर्धा तास तसाच बसून राहिला. संध्याकाळी लंगडत घरात आल्यावर अंजनाने काय झालं विचारलं, तर त्याने वळून नुसती पाठ दाखवली.

सप्टेंबरमध्ये मिसेस डॉयल शेवटच्या भेटीला आल्या. भानुदास समोर येताच नंदा टेबलाखाली गेली.

“गाडीत बोलते ती माझ्याशी,” तो म्हणाला. “चला, दाखवतो.”

बिचाऱ्या बाई मागे बसल्या. नंदाने तासभर पाहुणीच्या पर्सची चेन उघडली आणि लावली. अठरा ट्रक गेले, पण तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

“मी जे पाहिलं ते...” उतरताना त्या म्हणाल्या.

“तेच लिहा,” भानुदास म्हणाला. “खोटं लिहू नका.”

ऑक्टोबरात तारीख लागली. अंजनाने नंदाला लाल बूट घातले. भानुदासने सूट चढवला आणि जज विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं रस्ताभर मनात घोळवली. ‘ती माझ्या जवळ येत नाही, पण...’ या ‘पण’च्या पुढे त्याला काही सुचत नव्हतं. कोर्टात तो नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे, नंदाकडे पाठ करून उभा राहिला. नंदा अंजनाचं बोट धरून मागे होती.

जजने मिसेस डॉयलचा रिपोर्ट वाचला. कपाळाला आठी पडली. मग चष्मा काढून ते आपल्या उंच खुर्चीवरून खाली आले. सहा फुटी देह, पायघोळ काळा झगा आणि पांढऱ्या शुभ्र मिशा. जज नंदापाशी आले आणि हसून खाली वाकले.

नंदा ओरडली नाही. तिने अंजनाचं बोट सोडलं, धूम ठोकली आणि भानुदासच्या पाठीमागे जाऊन त्याच्या कोटाची दोन्ही टोकं मुठीत आवळली. तिचं नाक त्याच्या कमरेत रुतलं. तिचा श्वास त्याला सदऱ्यातून लागत होता.

“मिस्टर खोब्रागडे,” जज म्हणाले, “जरा वळता का? मला तिला बघायचंय.”

घोकलेली सगळी उत्तरं भानुदास विसरला होता. “सर, मी वळलो तर ती तुमच्यासमोर येईल,” तो म्हणाला. “तिला ते नकोय. मला नाही वळता येणार.”

त्याने फक्त एक हात मागे नेला, तळवा उघडा ठेवून. एक मूठ कोटावरून सुटली आणि त्या तळव्यात आली. भानुदासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याने ते पुसलं नाही, कारण तो हात मोकळा नव्हता आणि दुसरा हलवायची त्याला भीती वाटत होती.

जज वर जाऊन बसले आणि त्यांनी रिपोर्ट मिटला. “आई शेजारीच उभी होती,” ते मिसेस डॉयलना म्हणाले. “माझ्यापासून लपायला मुलगी कुठे गेली, तेही लिहून घ्या.” आणि त्यांनी सही केली.

मिसेस डॉयलनी नाक पुसत सगळ्यांचा एक फोटो काढला. भानुदासने तो नागपूरला पाठवला. महिन्याभराने मास्तरांच्या अक्षरात रमाबाईंचं उत्तर आलं.

‘फोटो पोचला. सून दिसली, मिशीवाले साहेब दिसले, तू दिसला. नात काही दिसली नाही, तुझ्या पायामागून नुसता एक लाल बूट दिसला. मास्तर म्हणाले, दुसरा फोटो मागवा. मी म्हटलं, कशाला? भानूचं तोंड पाहा. लेकरू कुठी आहे ते त्यात दिसून राहिलं.’