मोटेलसाठी जामीनदार

साठच्या दशकात मी आणि मामू कुवेतमध्ये एकाच दुकानात कामाला होतो. मामूंचा मुलगा कॅनडातल्या एका खेड्यात मास्तर होता. त्याला भेटायला जायचं, तर हमरस्त्यावरच्या साध्या मोटेलात उतरावं लागणार होतं. खोलीसाठी मी पत्र लिहिलं.

मामू म्हणाले, "कफीलाची चिठ्ठी जोड. नायतर कोण ठेवील आपल्याला?"

कफील म्हणजे आमचा तिथला जामीनदार, दुकानाचा मालकच. त्याच्या सहीशिवाय परदेशी माणसाचं पान हलत नसे. मी भडकलो. "भाडं भरून झोपायचंय, मामू. त्याला मालकाची सही मागायची, ही सरळ गुलामी आहे."

"तू तुझी क्रांतीची पत्रकं वाटत बस. पोराला बघून चार वर्षं झाली. खोली गेली तर तू देशील?"

शेवटी मी चिठ्ठी जोडली.

महिन्याने उत्तर आलं. मोटेलवाल्या बाईने चिठ्ठी परत पाठवली होती. लिहिलं होतं, "खोली ठेवली आहे. हा अरबी कागद आम्हाला वाचता येत नाही, आणि लागतही नाही. किती वाजता पोचाल, तेवढं कळवा."

मामूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "लिही, दुपारपर्यंत येतो." बरोबर काही जोडायला मात्र सांगितलं नाही.