बिब्ब्याचा ओंडका

माझ्या थोरल्या दिरांचा हात उठायला कारण लागत नसे. ते औरंगाबादेत करोडगिरी नाक्यावर शिपाई होते. शहरात येणाऱ्या मालावर जकात घ्यायचं निजाम सरकारचं ते खातं. नाक्यावर गाडीवानांना मारायचे आणि घरी आले की बायकोला. देवगाव रंगारीहून लग्न होऊन मी त्या घरात आले, त्याच आठवड्यात जाऊबाई कानातलं रक्त पुसताना दिसल्या.

"काय झालं, आक्का?"

"वरणात मीठ कमी पडलं," म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी थापायला बसल्या.

घरात आठवड्याला मटण असायचं. मोठे तुकडे यायचे, ते सत्तुरानं घरीच तोडावे लागत. त्यासाठी न्हाणीशेजारी एक लाकडी ठोकळा होता. जुना, मधोमध भेगाळलेला. राखेनं कितीही घासला तरी भेगांतून कुबट वास यायचा. एकदा थोरल्यांच्या घासात हाडाबरोबर लाकडाची ढलपी आली. त्यांनी ताट उचललं आणि जाऊबाईंच्या तोंडावर मारलं. रस्सा चुलीवरून नुकताच उतरवलेला होता. त्यांच्या हनुवटीखालची कातडी सोलून निघाली.

दुसऱ्या दिवशी थोरले खांद्यावर नवा ओंडका घेऊन आले. साल काढलेला, दोन्हीकडून करवतीनं सपाट कापलेला, फिकट रंगाचा. अंगणात टाकला आणि हसत सांगायला लागले.

"चुनाभट्टीला चालली होती गाडी, कन्नडच्या डोंगरातून. म्हटलं, हा बुंधा उतरव. तर तोंड वर करून म्हणतो, सरकार, हे लाकूड... पुढं बोलूच दिलं नाय. अशी लगावली, दातच पडला बेट्याचा!"

माझे मालक, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तेही हसले. थोरले हसले की सगळ्यांनी हसायचं, असा त्या घरचा रिवाज होता.

ओंडक्याच्या कडेला काळे ओघळ होते. गाडीच्या वंगणाचे असतील असं आम्हाला वाटलं. जाऊबाईंनी नि मी तो गरम पाण्यानं धुतला, काथ्यानं घासला. संध्याकाळी त्याच्यावर मटण तोडलं, कांदा चिरला, कोथिंबीर चिरली. सगळे जेवलो. थोरल्यांनी दोनदा वाढून घेतलं.

सकाळी माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, आणि दुपारपर्यंत त्यांवर पाण्यानं भरलेले फोड उठले. जाऊबाईंचे हात इतके सुजले की बांगडी मनगटात रुतून बसली. सगळ्यांचे ओठ फुगले होते. पण सगळ्यात वाईट गत थोरल्यांची. ज्या खांद्यावरून ओंडका आणला तो खांदा, मान, अर्धा गाल, सगळं उतून आलं होतं. एक डोळा मिटला होता. आरशात तोंड पाहिलं आणि ते ओरडले,

"विष घातलं हिनं! मला मारायला निघाली ही!"

"नाय वो, माझेबी हात बघा," जाऊबाई म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढं केले.

कोपऱ्यात मुसळ होतं. थोरल्यांनी ते उचलून त्या पुढं केलेल्या हातांवरच घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू आला, मटण तोडताना तो नेहमीच ऐकायचे. जाऊबाई उजवा हात पोटाशी धरून खाली बसल्या, तर दुसरा घाव पाठीत बसला.

मी दारात उभी होते. डोक्यावर पदर. थोरल्या दिरांसमोर तोवर मी एक शब्द बोलले नव्हते; तशी पद्धतच होती. मी जाऊबाईंच्या हातांकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, आणि एकदम ध्यानात आलं. हे फोड मी लहानपणी पाहिले होते. आमच्या गावची परटीण बिब्ब्यानं कपड्यांवर खुणा करायची. माझ्या भावानं तिचा बिब्बा चोरून हातात चुरगळला, तेव्हा त्याचा हात असाच उतला होता.

मी अंगणात गेले, सरपणाची कुऱ्हाड घेतली आणि ओंडक्यावर घातली. फोड फुटून हातातून पाणी गळत होतं, दांडा निसटत होता. तिसऱ्या चौथ्या घावाला ओंडका उकलला. आतून चीक आला आणि बघता बघता काळा पडत गेला. काळी ढलपी उचलून मी थोरल्यांच्या पायाशी फेकली.

"हा बिब्बा हाय," मी म्हणाले. "विष आक्कानं नाय आणलं. तुम्ही आणलं. तो गाडीवान तेच सांगत होता, आन् तुम्ही त्याचा दात पाडला."

थोरले मुसळ घेऊन माझ्यावर आले. मी कुऱ्हाड सोडली नव्हती. पण माझ्या आधी माझे मालक धावले. त्यांनी थोरल्यांना मागून धरलं. दोघं अंगणात पडले. थोरल्यांनी त्यांचा अंगठा दातांत धरला आणि हाडापर्यंत चावला. त्यानंतर मालक त्यांच्या छातीवर बसले आणि त्या सुजलेल्या तोंडावर बुक्क्या मारत राहिले. जन्मभराचं साठलेलं होतं ते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण ते थांबेचनात, तेव्हा मी ओरडायला लागले.

शेजारचे कसाई चाचा भिंतीवरून उडी टाकून आले आणि त्यांनी दोघांना सोडवलं. "अरे मर जाएगा वो!" एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही घर सोडलं. जाऊबाईंना सोबत घेतलं. युनानी दवाखान्यात हकिमांनी त्यांचा हात बांबूच्या कामट्या लावून बांधला. फोडांना आम्ही तीळ आणि खोबरं वाटून लावायचो. चाचांच्याच ओळखीनं दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या.

नव्या घरात ठोकळा हवाच होता. मी चाचांच्या दुकानी गेले.

"चिंचेचा घे, माय," ते म्हणाले. "चिवट असतो. ढलपी निघत नाय, वास धरत नाय. आमच्यात बापजाद्यापासून चिंचच."

त्यांनी नमुन्याला एक तुकडा काढून दिला. माणूस भला होता, पण माझा आता कुणाच्याच शब्दावर भरवसा नव्हता. मी त्याचा भुसा ओला करून दंडावर बांधला आणि दोन दिवस वाट बघितली. कातडी स्वच्छ राहिली. मग एक काडी चघळून पाहिली. जाऊबाई बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्याबी हाताला बांध, धाकटे. मगच घेऊ." त्यांनाही काही झालं नाही, तेव्हा ठोकळा आणला. मिठानं घासला, उन्हात न ठेवता सावलीत वाळवला, करडईचं तेल मुरवलं.

महिन्याभरानं थोरले आले. गालावरचे डाग काळे पडले होते. दारातून ओरडले, "चल घरी. भाकरी कोण थापणार?"

जाऊबाई आतून म्हणाल्या, "मी येत नाय."

नवऱ्याला त्यांनी उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. थोरल्यांनी दाराला लाथ घातली, फळी तडकली. मालक उठले. तेवढ्यात गल्लीतली माणसं बाहेर आली, चाचा सगळ्यांच्या पुढं. थोरले शिव्या देत निघून गेले. पुन्हा दोनदा आले आणि तसेच गेले.

जाऊबाईंचं मनगट वाकडंच जुळलं. त्यांनी डाव्या हातानं चिरायची सवय केली. पुढं कितीतरी वर्षं, अगदी निजामाचं राज्य गेल्यावरही, त्या माझ्याच घरी होत्या. मटण तोडायचं काम मात्र त्यांनी मला कधी करू दिलं नाही. हाड मोडल्याचा आवाज आला की मी दचकते, हे त्यांना ठाऊक होतं.