प्रागच्या गल्लीत अण्णांचा नारळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं... तरीही हे लिहितोय.

मी सावेडीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे, मेधाकडे, प्रागला गेलो होतो. एका रविवारी सकाळी आम्ही पायीच जुनं शहर बघायला निघालो. दगडी पूल झाला, घड्याळाचा चौक झाला. गर्दी टाळायला मेधानं मला मागच्या अरुंद गल्लीत नेलं. गल्लीत आमच्यापुढे एकच म्हातारा चालला होता. धोतर, पांढरी टोपी, पाय अनवाणी. उजवा तळहात पुढे, त्यावर आडवा नारळ.

 कर्जतकडच्या आमच्या गावात विहिरीची जागा अशीच शोधायचे माझे थोरले बंधू, अण्णा. चपला काढून रानातून फिरायचे. खाली पाणी असलं की नारळ हातावर उभा राहतो, म्हणायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

म्हातारा एका कमानीतून आत वळला. आम्ही मागोमाग गेलो. आत बंदिस्त अंगण, दुसरी वाट नाही — आणि कुणीच नाही. मधोमध जुनी विहीर, वर लोखंडी जाळी. खाली पाणी चमकत होतं.

भास झाला असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो, तेवढ्यात मेधानं विचारलं, "बाबा, ते अनवाणी आजोबा कुठे गेले? हातावर नारळ होता बघा."

तिच्या जन्माआधीच अण्णांनी नारळ धरणं सोडलं होतं.

"तुझे अण्णाकाका असं पाणी बघायचे," मी म्हणालो.

"पण त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, असं तुम्हीच सांगायचात ना?"

मग जाळीला धरूनच तिला सांगितलं. अण्णांनी जागा दाखवून खुणेचा दगड ठेवला, तो त्यांच्या वाटणीत. विहीर सामाईक, पण आपल्या रानात असावी म्हणून मी तो दगड बांधाच्या अलीकडे सरकवला. तिथे खोदलेली विहीर कोरडी निघाली. पारावर लोक म्हणायचे, "अण्णा, नारळ फोडा आता, चटनी तरी हुईल." त्यांच्यात मीही हसायचो. दगड हललाय हे अण्णांना कळलंच असणार... पण शेवटपर्यंत बोलले नाहीत.

 मेधा एवढंच म्हणाली, "हे गावात सांगा."

म्हणून लिहिलं. त्या गल्लीत कोण चाललं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. दगड कुणी हलवला, याचं होतं — आणि ते मी अण्णा जिवंत असताना दिलं नाही.