मफलरखालचं लेबल

आमच्या म्युनिकच्या घरात शिरलं की चपलांच्या कपाटाच्या वर एक फ्रेम दिसते. आत औषधाचं एक जुनं लेबल आहे, कडा जळक्या रंगाच्या झालेलं. ते माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी छापून घेतलेलं. राणीच्या राज्यात विलायतेहून औषधाच्या बाटल्या यायच्या. वर मुकुट, खाली दावा, की सर्दीपासून संधिवातापर्यंत सगळं या एका बाटलीत बरं. आत काय आहे ते मात्र गुपित. कित्येक बाटल्यांत नुसती दारू, काहींत अफू. रडणारी पोरं गप्प करायला आया तेच पाजायच्या, आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नसायचा. पणजोबांनी त्या बाटल्या पाहिल्या आणि ठरवलं, हे आपणही करू आणि अफूशिवाय करू. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल. बस्स.

दावे मात्र त्यांनी विलायती पद्धतीनंच ठोकले. मुकुटाच्या जागी उगवता सूर्य, आणि त्याखाली पडसे, डोकेदुखी, अजीर्ण, विंचूदंश, मूळव्याध, हिवताप, पटकी, आणि सगळ्यात शेवटी, मला भारी आवडणारी, 'मनाची उदासी'. कुणीही घरी आलं की मी ती फ्रेम दाखवायचेच. ऑफिसातले जर्मन लोक तर हसून हसून बेजार व्हायचे. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. मिरजेच्या एका माणसानं गोऱ्यांच्या बाटल्यांसमोर स्वतःची बाटली मांडली, अफूचा थेंब न घालता. मी सून असले म्हणून काय झालं, अभिमान वाटायचाच.

फ्रेमकडे ढुंकून न बघणारा घरात एकच माणूस होता, माझे सासरे. तेच औषध ते अजून मिरजेत बनवतात. दर वर्षी आमच्याकडे आले की आल्या आल्या गळ्यातला मफलर काढायचा आणि तो सरळ त्या फ्रेमवर टाकायचा.

"अहो बाबा, शेजारी खुंटी आहे हो!"

"असू दे गं. पडत नाही तो."

मी काढून खुंटीला लावायचे, संध्याकाळी ते फिरून आले की मफलर पुन्हा फ्रेमवर. म्हातारपणची खोड, दुसरं काय, असं म्हणून मी नाद सोडला.

गेल्या वर्षी ते ऑक्टोबरात आले. बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळलेल्या छोट्या बाटल्या. इथली मराठी मंडळी त्यांची वाटच बघत असतात. इथे नाक चोंदलं म्हणून डॉक्टरकडे जा, तो सांगणार, चहा प्या, आराम करा. त्यामुळे 'काका आले का?' म्हणून फोन सुरू. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं तर विचारू नका. गुडघा दुखला, थेंब. झोप आली नाही, थेंब. बाबा बाटली देताना दर वेळी म्हणायचे, "हे नाकासाठी आहे हं." आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "हो हो, कळलं." कळलेलं काही नसायचं.

त्याच सुमारास आमच्या लेकीच्या वर्गात राणीच्या काळातलं इंग्लंड शिकवत होते. प्रत्येकानं एक विषय घेऊन वर्गापुढे बोलायचं. हिनं घेतला 'सगळं बरं करणारी औषधं'. बारा वर्षांची पोर. मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये, 'हो आई'ला 'या, मामा' आणि 'बरोबर'ला 'गेनाऊ'. आम्ही हात टेकलेत. हिनं आठवडाभर बसून भलंमोठं पोस्टर केलं. वर उगवता सूर्य आणि खाली फ्रेममधले सगळे रोग जर्मनमध्ये, एकेका ओळीत, रंगीत. आणि बोलायच्या दिवसाआधीच मैत्रिणींना सांगून बसली, की माझे आजोबा हे औषध अजून बनवतात आणि ते खरंच चालतं.

झालं. वर्गातल्या पोरांनी तिला धरलं. पटकी, म्हणजे कॉलरा, बरी होते थेंबांनी? मग तुझे आजोबा भोंदू! पोर घरी आली ती डोळे लाल करून. दप्तर फेकलं आणि आजोबांसमोर उभी राहिली. म्हणाली, तुम्ही शाळेत या आणि त्यांना दाखवा. अर्थात जर्मनमध्ये. मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "येतो. सांग तुझ्या बाईंना."

बाबांना जर्मनचं अक्षर येत नाही. ते 'चालतं' म्हणाले तर पोरं भोंदू म्हणून हसणार, 'चालत नाही' म्हणाले तर आमची लेक खोटी ठरणार. दोन्हीकडून पोरीचीच फजिती. आणि तिच्या मनातला आजोबा गेला तो गेलाच. मी नवऱ्यावर चिडले, "तू तरी सांग ना त्यांना!" तो म्हणाला, "बाबांनी ठरवलंय ना, मग झालं." हा काही बोलणाऱ्यातला नाही.

शाळेत मी अर्धी रजा टाकून गेले, भाषांतराला म्हणून. बाबा कोट घालून, मफलर गुंडाळून. वर्गात मी पुढे व्हायला लागले तर लेक म्हणाली, मी करणार. मला मागच्या बाकावर बसवलं. 'आल्झो', म्हणजे बरं तर, म्हणत बसले.

बाबांनी आधी काचेच्या बाटलीत तिन्ही वस्तू टाकल्या. कापराचे खडे, ओव्याच्या फुलाचे स्फटिक, पुदिन्याच्या फुलाच्या सुया. सगळं कोरडं. बूच लावलं, हलवलं, आणि बघता बघता आत पाणी! एक थेंब पाणी न घालता. पोरं बाकांवरून उठली. बाटली हातोहात फिरली, झणझणीत वासानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हशा पिकला. आमच्या लेकीची मान कशी ताठ झाली म्हणता! मी म्हटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात खिडकीजवळच्या एका मुलीनं पोस्टरकडे बोट दाखवून विचारलं, "मग यानं हे सगळं बरं होतं का?" मुलगी चांगली होती, टोमणा नव्हता तो. लेकीनं मराठीत विचारलं. मोडकंतोडकं, पण मराठीत.

बाबा म्हणाले, "नाही."

मी अर्धी उठले. तिनं हातानंच मला खाली बस म्हणून सांगितलं, आणि वर्गाकडे वळून तेच जर्मनमध्ये म्हणाली, "नाइन."

मग बाबा सावकाश बोलत गेले आणि ती वाक्यावाक्याला जर्मन करत गेली. ते म्हणाले, माझी एक मोठी बहीण होती. तुमच्याएवढीच. तिला पटकी झाली. सरकारी दवाखाना टांग्यानं जाता येईल इतका जवळ होता. पण लेबलावर पटकी लिहिलेली होती. आजोबांनी स्वतः उशाशी बसून तिला साखरेवर थेंब दिले, दिवसभर. संध्याकाळी ती गेली.

एक आत्या लहानपणीच गेली एवढंच नवऱ्याला ठाऊक. कशानं, ते या माणसानं आजवर घरात कधी उच्चारलं नव्हतं. मग मला तो फ्रेमवरचा मफलर आठवला.

मागच्या एका मुलानं हळूच विचारलं, "म्हणजे तुमचे आजोबा फसवत होते?"

"नाही रे बाळा," बाबा म्हणाले. "फसवणारा असता तर नातीला गुपचूप दवाखान्यात नेलं असतं. त्यांचा स्वतःच्या लेबलावर विश्वास होता."

हे जर्मनमध्ये सांगताना लेकीचा आवाज फाटला. तरी एक शब्द गाळला नाही तिनं. बाबा पुढे म्हणाले, "दुकान माझ्या हाती आलं त्या दिवशी मी नवं लेबल छापलं. नाक चोंदणं, डोकं जड होणं, पोटात गॅस. तीनच ओळी. गिऱ्हाईक तुटलं, भाऊबंद म्हणाले, खुळा आहे. असेन."

आणि मग आमच्या लेकीनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिनं फळ्याजवळचा जाड काळा पेन उचलला, पोस्टरपाशी गेली, आणि 'पटकी'वर सरळ रेघ मारली. मग हिवतापावर. मग विंचवावर. आठवडाभर रंगवलेली अक्षरं! एकेक रेघ मारताना ती मागे वळून आजोबांकडे बघायची, ते मान हलवायचे, मग पुढची. 'मनाची उदासी'पाशी ती थांबली. बाबा जरा विचारात पडले, आणि हसून म्हणाले, "तीही खोड." पोरं हसली, बाई डोळे पुसत हसल्या, आणि मी तर मागच्या बाकावर लहान मुलासारखी रडत होते.

घरी जाताना उ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाबांनी तिला विचारलं, "माझ्यामुळे तुझी मान खाली गेली का गं?" तिनं नुसतं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाबा सगळा रस्ता हलले नाहीत.

रेघा मारलेलं पोस्टर आता फ्रेमच्या शेजारी लावलंय. पाहुण्यांना आता मी दोन्ही दाखवते. कुणी आधीसारखं हसत नाही, आणि मलाही तसं हसवायची हौस उरलेली नाही. आमच्या घराण्यात औषध बनवणारे पुष्कळ झाले, पण स्वतःचंच लेबल खोडणारा एकच. त्याची सून आहे मी, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

शाळेनंतर थोड्याच दिवसांनी, दिवाळीच्या फराळाला भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली होती. खालच्या मजल्यावरच्या काकू चकली हातात घेऊनच बाबांपाशी आल्या. "काका, दोन दिवस झाले, छातीत जड जड वाटतंय हो. द्या ना दोन थेंब."

बाबांनी तोंड उघडायच्या आत आमची लेक त्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. पूर्ण मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, छातीला नाही. थेंब फक्त नाकाला. छाती दुखते तर आत्ता डॉक्टर. आई फोन करतीये."

मी फोन हातात घेतलाच होता. रुग्णवाहिका आली, काकूंना नेलं, आणि रात्री त्यांच्या नवऱ्याचा निरोप आला, की वेळेत आणलं म्हणून निभावलं.

बाबा घरी आले. गळ्यातला मफलर काढला, फ्रेमसमोर जरा वेळ उभे राहिले, आणि तो शेजारच्या खुंटीला नीट अडकवला.