एका दिवसाची मामी

नवरा वीजकेंद्रातून निवृत्त झाला आणि आम्ही ऊर्जानगरचं क्वार्टर सोडून वैनगंगेतल्या एका बेटावर राहायला आलो. नदीचे दोन फाटे, मधे थोडी शेती आणि मूठभर घरं. गावातली माणसं त्याला टापू म्हणतात. नवरा पूर्वी सुटीच्या दिवशी मासे धरायला इथे यायचा. तेव्हाच त्याने एक रिकामं घर हेरून ठेवलं होतं.

गावाने आम्हाला चांगलंच वागवलं, पण पाहुण्यांसारखं. मी विहिरीवर गेले की बायका बाजूला होऊन मला आधी पाणी भरू द्यायच्या. वांगी आली की दारात ठेवून जायच्या, आत येऊन बसायच्या नाहीत. त्यांच्या गप्पा मला लांबून ऐकू यायच्या आणि जवळ गेले की थांबायच्या.

मग शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव मूल गावाकडचा. नेमकं वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं. एरवी गुडघाभर पाण्यातून चालत येणारी वरात डोंग्यातून आणावी लागली. बँडवाल्यांनी तर डोंग्यातच वाजवायला सुरुवात केली. डोंगा हलायला लागला तसा नावाडी ओरडला, "वाजवा, पण नाचू नका जी."

मी नवी साडी नेसून मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. तेवढ्यात नवरीची आई धापा टाकत माझ्याकडे आली.

"बाई, एक काम हाये तुमच्याकडे."

"बोला ना."

"नवरदेवाची मामी डोंग्यात बसत नाई म्हणते. पाण्याले भेते. मामाबी तिच्यासंग तिकडच्याच काठावर बसून राह्यला. आता पोराच्या मागं कोण उभं राहीन? तुमी दोघं राहा. आजच्या दिवस मामा-मामी."

"अहो, पण मला नवरदेवाचं नावसुद्धा माहीत नाही."

"नाव घ्याचं नाई जी. उभं राहाचं हाये."

माझ्या नवऱ्याला फेटा बांधून झालासुद्धा होता. इतकी वर्षं वीजकेंद्रात टोपी घालणारा माणूस गुलाबी फेट्यात असा लाजून उभा होता, की मला हसू आवरेना. अक्षता पडेपर्यंत मी पदराखाली हसतच होते. नवरदेवाने एकदा मागे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमी कोण जी?"

"तुझी मामी," मी म्हणाले. तोही हसायला लागला.

जेवणं झाल्यावर मात्र माझी खरी परीक्षा सुरू झाली. नवरीकडच्या बायका गोल करून बसल्या आणि वरपक्षावर गाणी रचायला लागल्या. वरपक्षाकडून हाताशी सापडले मी. विहिरीवर मला वाट देणारी ठेंगणी बाई सगळ्यांत पुढे होती.

"नवरदेवाची मामी आली ऊर्जानगरची,
बटन दाबल्याबिगर नाई हालायची."

सगळा मांडव हसला. मी उठले, पदर खोचला आणि सुचेल ते म्हणून टाकलं.

"बटन माझ्या हाती, करीन अंधार गावात,
मग शोधत बसाल नवरीले मांडवात."

मग ठेंगणीने मांडीवर थाप मारली. "आवं, मामी 'नवरीले' म्हणते." आणि ती अशी हसली, की शेजारणीच्या अंगावरच कलंडली. दोघीतिघींनी मला ओढून मधोमध बसवलं. त्यानंतर मी काय काय गायले मला आठवत नाही. नवरा बँडसमोर हात वर करून नाचत होता, एवढं आठवतं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच नाचताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेंगणी थेट माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली.

"मामी, चहा मांडा. साखर जरा जास्तीची टाका."

तेव्हापासून टापूवर मला कोणी बाई म्हणत नाही. म्हातारेसुद्धा मामीच म्हणतात. दिवाळीत नवरदेव बायकोला घेऊन आला, तेव्हा आधी सासरी न जाता आमच्याच अंगणात शिरला आणि जेवूनच गेला.