गाडीखालची स्लोव्हाक

मस्कतच्या गाला भागातला आमचा रत्नागिरीकर मेकॅनिक लवकरच स्लोव्हाकियातल्या मोटारींच्या कारखान्यात निघालाय. त्यामुळे हल्ली माझ्या गाडीखालून आवाज येतो, "ब्रेक म्हणजे ब्रझ्दा! यल्ला ताई, पुढची!" खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यानं चिठ्ठ्या केल्यात, पुढे इंग्रजी, मागे स्लोव्हाक; मी वरून इंग्रजी वाचायचं, त्यानं खालून स्लोव्हाक सांगायचं. चुकला की तेलकट हात कपाळावर मारून घेतो. संध्याकाळी त्याचं कपाळ बघावं, अभ्यास कसा झाला ते कळतं.

काल मी हौसेनं एक चिठ्ठी लिहून नेली. पुढे 'टायर्ड', म्हणजे दमलेला, मागे 'उनावेनी'.

त्यानं ती दोन्हीकडून वाचली आणि हसत माझ्या हातात परत ठेवली.

"ही नको, ताई. अठरा वर्सं झाली हितं, हा शब्द अजून अरबीतपन शिकलो नाय."